निकोडिमस: न आलेली रेल्वे आणि उरलेली माणसे

अमेरिकेच्या कॅन्सस राज्याच्या वायव्य भागात, ग्रॅहम काउंटीत, सॉलोमन नदीच्या दक्षिण फाट्याच्या उत्तरेला निकोडिमस नावाची वस्ती आहे. 2020 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या 14 भरली. तरीही दर वर्षी जुलैच्या शेवटच्या आठवड्याअखेरीस येथे शेकडो माणसे जमतात, मिरवणूक निघते, चर्चमध्ये प्रार्थना होते आणि वृद्ध माणसे तरुणांना पूर्वजांच्या गोष्टी सांगतात. या आठवणींमध्ये एक वाक्य वारंवार येते, ते म्हणजे रेल्वे आली असती तर गाव उभे राहिले असते. आठवणींचे वजन जोखायचे असेल तर त्यांच्या मागचा इतिहास, आणि विशेषतः या वाक्यामागचा इतिहास, थोडा तपशिलाने पाहणे आवश्यक आहे.

निकोडिमसची स्थापना 1877 मध्ये झाली, आणि हे वर्ष योगायोगाचे नाही. यादवी युद्धानंतर दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या हक्कांचे जे काही संरक्षण केंद्र सरकार लष्कराच्या बळावर करत होते, ते त्याच वर्षी संपुष्टात आले. दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने राबणे आणि दरवर्षी कर्जात राहणे, हेच मुक्त झालेल्या बहुतेक गुलामांच्या नशिबी आले होते. दुसरीकडे 1862 च्या होमस्टेड कायद्याने पश्चिमेकडील सरकारी जमीन खुली केली होती. पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्याला अल्प शुल्कात 160 एकर मिळत, आणि त्यात वर्णाची अट नव्हती. गुलामगिरीविरोधी लढ्यामुळे कॅन्ससला कृष्णवर्णीयांच्या मनात विशेष स्थान होते. ही जमीन रिकामी होती, असे मात्र म्हणता येत नाही. पॉनी, कॉ, शायन आणि ओसेज लोकांना तेथून हुसकावल्यानंतरच ती ‘सरकारी’ झाली होती. पुढच्या हकिकतीत ओसेज लोकांचा उल्लेख येणार असल्याने हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

डब्ल्यू. आर. हिल हा श्वेतवर्णीय जमीन-प्रवर्तक आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक यांनी काही सहकाऱ्यांसह निकोडिमस टाउन कंपनी काढली. जुलै 1877 च्या त्यांच्या पत्रकात अमेरिकेतील कृष्णवर्णीय नागरिकांना निमंत्रण होते, आणि 5 डॉलर भरणाऱ्याला गावात भूखंड देऊ केला होता. केंटकी राज्यातील जॉर्जटाउन आणि लेक्सिंग्टन या भागांत हिलने चर्चमधून भाषणे दिली आणि सुपीक जमिनीचे चित्र उभे केले. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये सुमारे 300 माणसे केंटकीहून निघाली. रेल्वे त्यांना एलिस या स्थानकापर्यंत घेऊन आली. पुढचे सुमारे 35 मैल पायी किंवा घोडागाडीने कापायचे होते. निकोडिमसला अनेकदा 1879 मध्ये कृष्णवर्णीयांनी कॅन्ससकडे केलेल्या मोठ्या स्थलांतराशी जोडले जाते, पण ती गल्लत आहे. ते स्थलांतर मिसिसिपी आणि लुइझियाना येथून अचानक उसळले होते, तर निकोडिमसचे लोक त्याच्या दोन वर्षे आधी, ठरवून, पैसे भरून आले होते. हा फरक वंशज आजही आग्रहाने सांगतात, आणि तो आग्रह रास्त आहे.

गावाच्या आठवणींतील सर्वात प्रसिद्ध आठवण विलियाना हिकमन यांची आहे. त्या 1878 च्या वसंतात पती आणि मुलांसह जॉर्जटाउनहून आल्या. एलिसला मुक्कामात गोवराची साथ आली आणि त्यात काही कुटुंबांची मुले दगावली. तेथून पुढे रस्ता असा नव्हताच; हरणांच्या वाटा आणि गवे लोळून पडलेले खड्डे एवढ्याच खुणा, म्हणून होकायंत्र पाहत दोन दिवस प्रवास झाला. रात्री पुरुष शेकोट्या पेटवून बसत आणि जंगली जनावरे दूर राहावीत म्हणून बंदुकीचे बार काढत. निकोडिमस दिसते आहे, अशी हाक उठली तेव्हा विलियाना यांनी चहूकडे पाहिले, पण एकही घर दिसेना. कुठे आहे गाव, असे विचारताच पतीने जमिनीतून वर येणाऱ्या धुराकडे बोट दाखवले. लोक उतारात खणलेल्या घरांत राहत होते. ते दृश्य पाहून आपल्याला रडू कोसळले, असे त्यांनी पुढे अनेक वर्षांनी सांगितले.

या घरांविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण मैदानी प्रदेशातील सुरुवातीचे जीवन समजण्यासाठी एवढी बोलकी दुसरी गोष्ट नाही. झाडे फक्त ओढ्यानदीच्या काठी, तीही मोजकी, त्यामुळे लाकूड नव्हते. हातात पैसा नसल्याने ते विकत आणणेही शक्य नव्हते. म्हणून उताराला पोटात खणत जायचे, पुढची भिंत मातीच्या ढेकळांची किंवा दगडाची घालायची, वर फांद्या, गवत आणि पुन्हा मुळांसकट कापलेली माती टाकायची. अशा घरात हिवाळ्यात ऊब राही, पण पावसात छतातून चिखल गळे. जळणासाठी गव्यांचे वाळलेले शेण आणि सूर्यफुलाचे देठ वापरत. नांगराला जुंपण्यासाठी जनावरे फारच थोडी होती, म्हणून पहिल्या वर्षी अनेकांनी कुदळ आणि फावड्याने शेते खणली. पहिल्या हिवाळ्यात अन्न संपत आले असता शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी आपल्या जवळचे मांस दिले, अशी आठवण गावाने जपली आहे. ज्यांची भूमी गेली त्यांनीच त्या भूमीवर नव्याने आलेल्यांना जगवले, हा या कथेतील सर्वात अस्वस्थ करणारा तपशील आहे, आणि उत्सवी भाषणांत त्याला मिळते त्याहून जास्त जागा मिळायला हवी, असे मला वाटते.

आलेल्यांपैकी अनेक कुटुंबे ते उघडे माळरान पाहून लगेच परत फिरली. संतापलेल्या लोकांपासून हिलला लपून राहावे लागले, असेही सांगितले जाते. याच हिलने पुढे जवळच हिल सिटी वसवली, आणि आज ग्रॅहम काउंटीचे मुख्य ठिकाण तेच आहे. जे टिकून राहिले त्यांनी मात्र झपाट्याने गाव उभारले. झॅकरी फ्लेचर पहिले टपालप्रमुख झाले. त्यांच्या पत्नी जेनी फ्लेचर यांनी मुलांना शिकवायला सुरुवात केली. 1880 मध्ये त्यांचे सेंट फ्रान्सिस हॉटेल सुरू झाले. 1886 मध्ये ‘वेस्टर्न सायक्लोन’ आणि 1887 मध्ये ‘एंटरप्राइज’ अशी दोन वृत्तपत्रे निघाली. गावात दुकाने, बँक, चर्चे, वाङ्मय मंडळ आणि वाद्यवृंद होता. येथे राहिलेले एडवर्ड मॅककेब 1882 मध्ये कॅन्ससचे राज्य लेखापरीक्षक म्हणून निवडून आले. दक्षिणेत कृष्णवर्णीयांचा मतदानाचा हक्क हिरावला जात असताना या मैदानावरील माणूस राज्यपातळीवरील पद निवडणुकीने मिळवत होता, यावरून त्या दशकातील आत्मविश्वासाची कल्पना येते.

त्या आत्मविश्वासाच्या शिखरावर रेल्वेचा प्रश्न आला. मैदानी प्रदेशात गाव म्हणजे जवळपास रेल्वेचीच निर्मिती असे. शेतकऱ्याला घोडागाडीने धान्य विकून एका दिवसात घरी परतता यावे, या हिशेबाने कंपन्या मार्गावर ठरावीक अंतराने स्थानके पाडत आणि त्यांच्या भोवती भूखंड विकत. रेल्वेच्या आधी वसलेल्या गावाला दोनच पर्याय उरत: मार्ग आपल्याकडे वळवणे किंवा स्वतः मार्गाकडे जाणे. 1887 मध्ये निकोडिमसच्या मतदारांनी मिसुरी पॅसिफिक कंपनीसाठी 16,000 डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. कंपनीचा मार्ग मात्र पूर्वेकडे स्टॉकटनलाच थांबला. 1888 मध्ये युनियन पॅसिफिकचा फाटा आला, पण तो नदीच्या दक्षिणेने, काही मैल दूरून गेला, आणि तेथे बोग हे नवे स्थानक उभे राहिले. वृत्तपत्रांनी लोकांना धीर धरण्याची विनवणी केली, पण व्यापाऱ्यांनी दुकाने, काही तर इमारतींसकट, बोगला हलवली. दोन्ही वृत्तपत्रे लवकरच बंद पडली.

आठवणी साधारण येथे थांबतात आणि पुढचे सारे या घटनेचा परिणाम म्हणून सांगतात. इतिहास तेवढा सरळ नाही. दुकानदार गेले, पण शेतकरी गेले नाहीत. जमिनी त्यांच्या नावावर होत्या, आणि रेल्वे स्थानक आता थोड्याच मैलांवर आले होते. गव्हाला भाव मिळू लागला तसे विसाव्या शतकाच्या आरंभी भोवतालच्या कुटुंबांनी आणखी जमीन घेतली. बाप्टिस्ट चर्चची चुनखडीची इमारत 1907 ची आणि शाळेची 1918 ची आहे. म्हणजे ‘मेलेल्या’ गावाने रेल्वे हुकल्यानंतर दोन-तीन दशकांनी आपल्या सार्वजनिक इमारती बांधल्या. बेसबॉलचा संघ होता, आणि गुलामगिरीतून सुटकेची आठवण म्हणून होणाऱ्या मुक्तिदिनाच्या सोहळ्याला स्क्रग्ज या रहिवाशाच्या झाडीत पाळणे आणि फिरते घोडे लागत. आजच्या वृद्धांनी आईवडिलांकडून ऐकलेले बालपण बहुतांशी याच काळातील आहे. व्यापारी गाव म्हणून निकोडिमस 1888 मध्ये संपले, हे खरे; शेतकऱ्यांचे गाव म्हणून त्याचा बहर त्यानंतर आला.

त्याला खरे ग्रहण लागले ते पावसाने, भावांनी आणि यंत्रांनी. निकोडिमस शंभराव्या रेखावृत्ताच्या अगदी जवळ आहे. या रेषेच्या आसपास वार्षिक पाऊस 20 इंचांच्या खाली जाऊ लागतो, आणि तेवढ्या पावसावर विनासिंचन शेती भरवशाची नाही, असा इशारा भूगर्भशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी 1878 च्या अहवालात दिला होता. कोरड्या चराऊ प्रदेशात एका कुटुंबाला 2,560 एकर असावेत, असे त्यांचे म्हणणे होते. सरकार देत होते 160. विलियाना हिकमन ज्या वर्षी धुराकडे पाहून रडल्या, त्याच वर्षी हा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याकडे कोणीही फारसे लक्ष दिले नाही, कारण नांगर चालला की पाऊस मागोमाग येतो, हा सिद्धान्त त्या काळी जमीन विकणाऱ्यांना अधिक सोयीचा होता. 1890 च्या दशकातील दुष्काळाने पहिला धक्का दिला. पहिल्या महायुद्धात गव्हाचे भाव चढले, लोकांनी कर्ज काढून जमीन आणि यंत्रे घेतली, आणि 1920 नंतर भाव कोसळले. मग 1930 च्या दशकातील धुळीची वादळे आली.

सरकारी मदतीचा एक अवशेष गावात आजही उभा आहे. बेरोजगारांना काम देण्याच्या योजनेखाली 1939 मध्ये बांधलेले हे चुनखडीचे टाउनशिप सभागृह आहे. पण त्याच सुमारास लोक डेन्व्हर, टोपेका आणि कॅलिफोर्नियाकडे जाऊ लागले होते, आणि दुसऱ्या महायुद्धातील कारखान्यांनी तो ओघ वाढवला. 1950 पर्यंत गावात 16 माणसे उरली. 1953 मध्ये टपाल कार्यालय बंद झाले, 1960 च्या सुमारास शाळाही.

रेल्वेविषयीचे वाक्य येथे तपासून पाहता येते, कारण शेजारी ज्यांना रेल्वे मिळाली त्यांचे काय झाले हे ठाऊक आहे. ग्रॅहम काउंटीची लोकसंख्या 1910 मध्ये साडेआठ हजारांहून अधिक होती. 2020 मध्ये ती सुमारे 2,400 वर आली. बोगही आज दीडदोनशे वस्तीचे खेडे आहे. ट्रॅक्टर आणि मळणीयंत्राने एका कुटुंबाला अनेक कुटुंबांची जमीन कसता येऊ लागली, तेव्हा जितकी शेते मोठी झाली तितकी शाळेतली मुले कमी झाली, मग दुकाने, मग चर्चे. हीच कथा उत्तर डकोटापासून टेक्ससच्या उत्तर टोकापर्यंत असंख्य गावांची आहे. रेल्वे मिळाली असती तर निकोडिमस कदाचित काउंटीचे मुख्य ठिकाण झाले असते. ओस पडण्यापासून वाचले असते, असे मानायला आधार दिसत नाही.

मात्र एका बाबतीत निकोडिमसची कथा इतरांपेक्षा वेगळी आहे, आणि ती रेल्वेच्या आठवणीत दडून जाते. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची जमीन केवळ यंत्रामुळे गेली नाही. 1920 मध्ये अमेरिकेत सुमारे 9 लाख 25 हजार कृष्णवर्णीय शेतकरी होते. 1990 च्या दशकाच्या अखेरीस ही संख्या 20 हजारांच्या आत आली, आणि श्वेतवर्णीय शेतकऱ्यांच्या संख्येतील घट इतकी तीव्र नव्हती. कृषी खात्याच्या कर्जवाटपात भेदभाव झाल्याचा दावा घेऊन ‘पिगफर्ड’ या नावाने ओळखला जाणारा सामूहिक खटला उभा राहिला आणि 1999 मध्ये तडजोड झाली. पेरणीच्या वेळी कर्ज मंजूर न होणे म्हणजे तो हंगाम जाणे, आणि लागोपाठचे हंगाम गेले की जमीन लिलावात जाणे, ही यंत्रणा दुष्काळापेक्षा कमी दिसते, पण तिचा निकाल तोच असतो. ज्या गावाची सारी प्रतिष्ठा आपल्या नावावरच्या जमिनीत होती, त्याच्यासाठी हा घाव 1888 पेक्षा खोल होता.

स्मृती जपण्याचे संघटित काम याच ओहोटीच्या काळात सुरू झाले. 1976 मध्ये गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. 1980 च्या दशकात जुन्या इमारतींची मोजमापे घेण्यात आली आणि रहिवाशांच्या आठवणी नोंदवल्या गेल्या. दशकाच्या अखेरीस वंशजांनी स्वतःची इतिहास संस्था काढली. नोव्हेंबर 1996 मध्ये संसदेच्या कायद्याने निकोडिमस राष्ट्रीय उद्यान सेवेच्या कक्षेत आले. त्यात पाच इमारती आहेत: दोन चर्चे, हॉटेल, शाळा आणि सभागृह. त्यांपैकी आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चची इमारत सेवेने विकत घेऊन दुरुस्त केली. टाउनशिप सभागृहात पाहुण्यांना माहिती दिली जाते. जुलैच्या मेळाव्याची परंपरा मात्र या सर्वांहून जुनी आहे. वस्तीच्या पहिल्याच वर्षांत ती मुक्तिदिन म्हणून सुरू झाली, आणि गावात राहणारी माणसे दोन आकडी संख्येवर आली तेव्हाही तिचे आयोजन डेन्व्हर आणि टोपेकात स्थायिक झालेली तीच कुटुंबे करत राहिली.