सतराव्या वर्षीचं घड्याळ

1969 साली अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, कूस बे नावाच्या गावातला एक शाळकरी पोरगा दोन मैल 8 मिनिटं 41.5 सेकंदांत धावला. शाळकरी मुलांचा तो राष्ट्रीय विक्रम ठरला. हा स्टीव्ह प्रीफाँटेन; पुढे तो ऑरेगन विद्यापीठाकडून धावला. त्याच वर्षी येल विद्यापीठात फ्रँक शॉर्टर शेवटच्या वर्षाला होता. शाळेत असताना त्याचा असा काही गाजावाजा नव्हता. कॉलेज संपता संपता त्यानं लांब पल्ल्याचं राष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन विजेतेपद मिळवलं आणि 1972 मध्ये म्युनिकला ऑलिंपिक मॅरेथॉनचं सुवर्णपदक. त्याच ऑलिंपिकमध्ये प्रीफाँटेन 5,000 मीटरमध्ये चौथा आला.

पुढे दोघांनाही प्रयोगशाळेत ट्रेडमिलवर पळवलं गेलं. दमछाक होईपर्यंत पळताना शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, ते मोजलं. प्रीफाँटेनचा आकडा निघाला दर किलो वजनामागे मिनिटाला 84.4 मिलिलिटर, शॉर्टरचा 71.3. एवढ्या फरकानं शॉर्टर कुठल्या कुठे मागे पडायला हवा. पण दोघांच्या 5,000 मीटरच्या सर्वोत्तम वेळांत काही सेकंदांचंच अंतर होतं!

शॉर्टरचं इंजिन लहान, पण अॅव्हरेज जबरदस्त. त्याच वेगाला तो कमी ऑक्सिजन खर्च करायचा. हा काटकसरीपणा बराचसा टाचेमागच्या स्नायुबंधात असतो: पाऊल टेकलं की तो स्प्रिंगसारखा ताणला जातो आणि साठवलेली ऊर्जा पुढच्या पावलाला परत देतो. भरीला स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या आणि पेशींमधली मायटोकाँड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणारे बारीक भाग, वाढलेली असतील, तर रक्तात लॅक्टेट (जोरात पळताना स्नायूंत तयार होणारा पदार्थ) साचायला लागण्याआधी जास्त वेग पेलवतो. ही सगळी बांधकामं वर्षानुवर्षं चालतात. सतराव्या वर्षी ती अर्धवटच असतात.

आणि कॉलेजात अंतर वाढतं. अमेरिकेत शाळेची क्रॉस-कंट्री, म्हणजे ट्रॅक सोडून माळरानातून धावायची शर्यत, साधारण 5 किलोमीटरची. कॉलेजात मुलांना 8 आणि मोठ्या स्पर्धांत 10, मुलींना 6. शाळेत 1,600 मीटर गाजवणारा मुलगा तिथे हमखास गाजेल, असं म्हणूनच सांगता येत नाही.

मुलींचं गणित तर आणखी निराळं. चौदाव्या-पंधराव्या वर्षी वेळा झपाट्यानं सुधारतात आणि मग शरीर भरायला लागलं की वर्ष-दोन वर्षं काटा हलत नाही. हा वाढीचाच भाग आहे. तेव्हा वजन कमी करायला सांगणं हा माझ्या मते सगळ्यांत महागडा सल्ला. धावण्याच्या मानानं खाणं कमी पडलं की इस्ट्रोजेन हे हाडांना लागणारं संप्रेरक घटतं, पाळी बंद पडते आणि हाडं भरण्याच्या ऐन वयात ती पोकळ राहतात. मग कॉलेजच्या पहिल्या वर्षी नडगीला बारीक तडा जातो आणि शर्यतींचा मोसम डॉक्टरांनी दिलेल्या आधाराच्या बुटात पाय अडकवून बसण्यात संपतो. पाळी थांबली तर ‘पळते ना, होतं असं’ म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना दाखवावं.

न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात मराठी घरांतली मुलंही आता क्रॉस-कंट्री धावतात आणि त्यातली बरीच शाकाहारी असतात. त्यांच्यासाठी लोहाचा मुद्दा. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठ्यातलं लोह, म्हणजे फेरिटिन, तळाला गेलेलं असू शकतं. त्यानं थकवा येतो, आणि मुलगा आळशी झालाय असं घरच्यांना वाटत राहतं. त्यातून कसून पळाल्यावर तीन ते सहा तासांनी हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सगळ्यांत जास्त वाढलेलं असतं आणि ते आतड्यातून लोह फारसं शोषू देत नाही. उसळीवर लिंबू पिळावं, जेवणाला लागून चहा घेऊ नये, हे सोपे उपाय. लोहाच्या गोळ्या मात्र तपासणी करून, डॉक्टरांना विचारूनच. जास्तीचं लोह शरीराला बाहेर टाकता येत नाही.

संघात जागा मिळावी म्हणून कॉलेजच्या कोचला ईमेल पाठवताना मुलं आपली सर्वोत्तम वेळ ठळक अक्षरांत लिहितात. कोच ती बघतात, पण आठवड्याला किती मैल पळतोस हेही विचारतात. 3,200 मीटरची वेळ दोघांची सारखीच, पण एक आठवड्याला 70 मैल पळून तिथे पोचलाय आणि दुसरा 35 मैलांत, तर जाणता कोच बहुधा दुसऱ्याला फोन लावतो. त्याला वाढायला अजून जागा आहे.