सरकतं शिसं आणि अडकलेलं शिसं: दिसायला जुळी, वागायला उलटी

हातात धरून पाहिलं तर गळाच्या या दोन्ही मांडण्या सारख्याच वाटतात. तंगुसाची मुख्य लाईन, तिच्यात ओवलेलं शिसं, खाली स्विव्हल (दोऱ्याला पीळ बसू न देणारी फिरती कडी), स्विव्हलला वीतभर दोरा आणि त्याच्या टोकाला हुक. एकीत शिसं लाईनवर मोकळं सरकतं, दुसरीत ते स्विव्हलला धरून बसतं. पहिलीला रनिंग रिग म्हणतात, दुसरीला बोल्ट रिग. बांधण्यातला फरक दोन मिनिटांचा आहे, पण रनिंग रिगचं सगळं गणित माशाला काहीच कळू नये यावर उभं असतं आणि बोल्ट रिगचं गणित त्याला लगेच आणि जोरात कळावं यावर. खडकवासला, पानशेत किंवा उजनीच्या फुगवट्यावर ऐकू येणारी "चावतो, पण लागत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा या दोन्हींची नकळत खिचडी झाल्यामुळे असते.

आधी मासा खातो कसा ते पाहू. कार्प कुळातला मासा आमिषाचा लचका तोडत नाही, तो ते ओढून घेतो. ओठ नळीसारखे पुढे येतात, पाण्यासकट आमिष आत जातं, टाळूवरचा मऊ, संवेदनशील भाग ते चाचपतो आणि नको असलेलं पाण्याबरोबर बाहेर फुंकलं जातं. जबड्यात दात नसतात. ते घशात असतात आणि तिथे पोचेपर्यंत निवड झालेली असते. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, गाळातून दाणे वेचताना हे सतत करत असतो. हे सगळं क्षणात उरकतं आणि काठावरच्या रॉडचं टोक जागचं हलतही नाही. गळाचा अनुभव असलेला मासा कमी खातो असं नाही, तो लवकर थुंकतो. त्याला थुंकायला वेळ द्यायचा नाही, किंवा थुंकावंसंच वाटू द्यायचं नाही, हे दोनच मार्ग आहेत.

रनिंग रिग थुंकावंसंच वाटू न देण्याच्या मार्गाची. मासा आमिष घेऊन निघाला की शिसं तळाला राहतं आणि लाईन त्याच्या कडीतून सरकते. माशाला ओझं लागत नाही, निदान लागू नये. त्यासाठी शिसं 20 ते 40 ग्रॅमचं पुरतं. कडी गुळगुळीत आणि भोक मोठं हवं. शिशाच्या भोकातून लाईन थेट ओवली तर कडेला घासते आणि गाळ भरला की अडकतेही. शिसं आणि स्विव्हलच्या गाठीमध्ये एक रबरी मणी घाला, नाहीतर फेकताना शिसं आपटून गाठ कमजोर होते. लाईन 0.30 मिलिमीटरची, पुढचा दोरा 0.25 चा आणि 25 ते 30 सेंटिमीटर लांब, हुक 8 नंबरचा.

ही मांडणी अंतराला फार नाजूक आहे. काठापासून 20-25 मीटरपर्यंत ती खरोखर सरकते. त्यापुढे पाण्यात पडलेली सगळी लाईन गाळावरून घासत ओढावी लागते, वर नायलॉन ताणलंही जातं, आणि कडी कितीही गुळगुळीत असली तरी माशाला वजन जाणवतं. शिशापाशी लाईनला कोन पडला तरी तेच होतं. रॉड उंच उभा केला आणि शिसं काठाच्या उताराखाली पडलं की लाईन कडीतून वळून जाते आणि घर्षण वाढतं. म्हणून रॉड आडवा ठेवा, टोक शिशाच्या दिशेला वळवा आणि लाईनला सरळ करण्यापुरताच ताण द्या. रीळची बेल (लाईन अडवणारी तार) उघडी ठेवून लाईनवर कागदाची हलकी घडी अडकवणं ही जुनी युक्ती आजही चालते. घडी थरथरली तर थांबा, सलग सरकू लागली की बेल मिटा आणि मनगटाने हिसका द्या. इथे हुक रुतवण्याचं काम आपलं असतं.

एक थरथर मात्र फसवी असते. मासा आमिषाला न शिवता लाईनला घासून जातो, घडी दोन बोटं वर येते आणि पुन्हा जागेवर बसते. यावर हिसका दिला तर आमिष जागेवरून उडतं आणि आसपासचे सगळे मासे पांगतात. खऱ्या ओढीत घडी अशी परत जागेवर बसत नाही.

आता बोल्ट रिग. हिचा जन्म इंग्लंडमधल्या कार्प पकडणाऱ्यांच्या डोकेफोडीतून झाला. हिच्या जोडीला लागणारी हेअर रिग लेन मिडलटन आणि केविन मॅडॉक्स यांनी 1980 च्या आसपास पुढे आणली. आमिष हुकवर न टोचता हुकच्या मागे केसासारख्या बारीक दोऱ्यावर लोंबतं ठेवायचं, आणि सुरुवातीच्या प्रयोगांत तो दोरा म्हणजे खरोखर माणसाचा केसच होता. हुक उघडा राहतो, आमिष नैसर्गिकपणे आत जातं आणि फुंकताना हुक ओठात टोचतो. टोचलं की मासा दचकून धावतो आणि धावताना जड शिशाला आपटून हुक स्वतःच पूर्ण रुतवून घेतो.

म्हणजे इथे शिसं हेच हातोडा आहे. ते 70 ते 100 ग्रॅमचं हवं. पाण्यात शिशाचं वजन थोडं घटतं, 85 ग्रॅमचं शिसं पाण्यात सुमारे 77 ग्रॅम भरतं, पण ते पुरेसं आहे. पुढचा दोरा आखूड, 12 ते 18 सेंटिमीटर, म्हणजे डोकं वर करताच वजन लागतं. दोरा लांब ठेवला तर मासा डोकं वर करून, चाचपून, थुंकून मोकळा होतो. हुक 6 किंवा 8 नंबरचा आणि धारदार: टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून ओढा, घसरलं तर बदला, रुतलं तर ठेवा. दगडावर एकदा घासलेला हुक या मांडणीत कामाचा नसतो. आमिष आणि हुकच्या वाकणामध्ये 5 ते 10 मिलिमीटर मोकळी जागा सोडा. आमिष वाकणाला चिकटलं तर हुक ओठात वळत नाही.

बोल्ट रिगवर हिसका देऊ नका. अलार्म वाजला किंवा लाईन सुसाट निघाली म्हणजे हुक आधीच रुतलेला असतो. रॉड उचलायचा, रीळवर हात ठेवायचा, बस. सवयीने जोरदार हिसका दिला तर ओठाचं मांस फाटून मासा सुटतो; रोहूचा झालरी ओठ मऊ असल्याने तिथे हे जास्तच होतं. दुसरी चूक रॉडची. बेल बंद, ड्रॅग (रीळचा ब्रेक) आवळलेला आणि रॉड नुसता दगडाला टेकवलेला असेल तर तीन किलोचा सायप्रिनससुद्धा सगळा सरंजाम पाण्यात नेतो. बेटरनर (बेल बंद असतानाही लाईन सैल सुटू देणारी रीळची सोय) चालू ठेवा. ते नसेल तर पुढचा ड्रॅग इतका सैल करा की दोन बोटांनी ओढल्यावर लाईन सुटेल.

मासा काठाकडे धावला तर चित्र उलटं दिसतं: लाईन ढिली पडते, घडी खाली येते. रनिंगमध्ये बरेच जण याला वारा समजतात. बोल्टमध्ये असं झालं तर आधी ढील गुंडाळून घ्या आणि वजन लागलं की मगच रॉड उचला.

खिचडी कुठे होते

पहिला प्रकार: शिसं सरकतं, पण दोन्ही बाजूंना मणी आणि स्टॉपर घट्ट बसवलेले. शिसं बोटभरच सरकतं. मालक त्याला रनिंग म्हणतो, माशाला मात्र ते बोटभर सरकून थबकणारं वजन लागतं.

दुसरा: शिसं घट्ट बसवलेलं, पण 20 ग्रॅमचं. हा सगळ्यात वाईट. माशाला काहीतरी आहे हे कळतं, पण हुक रुतवायला ते वजन कमी पडतं. तो थुंकतो आणि पुढच्या वेळी आणखी जपून खातो. ज्या जागी लोक रोज गळ टाकतात तिथले मासे असेच शहाणे झालेले असतात.

तिसरा प्रकार आपल्याकडचा: स्प्रिंगवर पेंडीचा गोळा आणि भोवती चार-पाच हुक. ताजा गोळा 100 ग्रॅमचा असतो तेव्हा ही मांडणी बोल्टसारखी वागते. अर्ध्या-पाऊण तासात पेंड विरघळली की खाली राहते 15-20 ग्रॅमची रिकामी स्प्रिंग. म्हणून पहिल्या वीस मिनिटांत मासे लागतात आणि नंतर नुसती टोचाटोची होते. दर अर्ध्या तासाला गोळा भरा, नाहीतर स्प्रिंगच्या वर एक जड शिसं जोडा. चार-पाच हुकांमुळे एकाच्या तोंडात एक आणि अंगात दुसरा रुततो, ते वेगळंच. सोडून द्यायचा मासा असेल तर ही मांडणी टाळलेलीच बरी.

आमिषही मांडणीप्रमाणे बदलतं. रनिंगला मऊ कणीक चालते: दोन भाग शेंगदाणा पेंड, एक भाग कणीक, एक भाग डाळव्याचं पीठ, चिमूटभर हिंग. बाजरीच्या भाकरीला थापतो तितकं सैल मळा. हिसका दिल्यावर हुक त्यातून सहज निघाला पाहिजे. पुरीच्या पिठासारखी घट्ट कणीक हुकच्या टोकाला ढाल बनते. बोल्टला उलट टणक आमिष लागतं. काबुली हरभरे रात्रभर भिजवा, कुकरला एक शिट्टी द्या आणि पाण्यातच गार होऊ द्या. बोटाने दाबल्यावर दबला पाहिजे, पण सुईने ओवताना फुटता कामा नये. मका 24 तास भिजवून अर्धा तास उकळा. कच्चे, न भिजवलेले दाणे फेकू नका; ते माशाच्या पोटात फुगतात. चाराही बेताने: सावध माशासाठी दोन मुठी दाणे एका परातीएवढ्या जागेत पडले तर पुरे. किलोभर टाकलं तर तो शेकडो दाण्यांत आपलाच एक सोडून देतो.

तळ कसा आहे, यावर निम्मा निर्णय होतो. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याच्या धरणांचं पाणी खाली जातं, तेव्हा उघड्या पडलेल्या तळावरून एक चक्कर मारणं कुठल्याही महागड्या सामानापेक्षा उपयोगी. जुने शेताचे बांध, विहिरींची कडी, मुरमाचे पट्टे, खडक, सगळं दिसतं. मुरमाच्या घट्ट तळावर बोल्ट रिग उत्तम बसते. फुगवट्याच्या शेपटाला जिथे काळा गाळ मांडीपर्यंत आहे तिथे 90 ग्रॅमचं शिसं आमिषासकट रुतून बसतं. तिथे दोरा 25 सेंटिमीटरचा करा किंवा सरळ हलक्या शिशाची रनिंग रिग लावा. खडकाळ जागी शिसं अडकणारच. तिथे ते सुटण्याची सोय हवी.

ही सोय फक्त पैसे वाचवण्यासाठी नाही. शिसं कायमचं गाठ मारून बसवलं आणि वरची लाईन तुटली, तर मासा ते ओढत फिरतो, कुठेतरी अडकतो आणि मरतो. बोल्ट रिगमध्ये शिसं घट्ट हवं, पण जोर लागला की सुटायला हवं. लेड क्लिप (जोर लागला की शिसं सोडणारी चिमटी) मिळाली तर तिची रबरी शेपटी अर्धीच चढवा. नाही मिळाली तर सायकलच्या दुकानातली वाल्ट्यूब (व्हॉल्व्हवरची बारीक रबरी नळी) घ्या. तिचा सेंटिमीटरभर तुकडा स्विव्हलच्या अंगावर चढवा आणि मधून भोक असलेल्या शिशात दाबून बसवा. आता चाचणी: लाईन शिशाच्या हातभर वर कापा, एका हातात स्विव्हलखालचा दोरा धरा आणि दुसऱ्या हाताने शिसं ओढा. ते स्विव्हलवरून निसटून कापलेल्या टोकातून बाहेर पडलं पाहिजे. वर लीडरची (मुख्य लाईनला पुढे जोडलेल्या वेगळ्या तुकड्याची) गाठ असेल तर शिसं तिथे अटकतं. म्हणून या मांडणीत एकसंध लाईन वापरा, आणि तीही नायलॉनची.

आवाजाबद्दल एक गोष्ट दोन्हींना लागू आहे. कार्प कुळातल्या माशांच्या हवेच्या पिशवीचा कानाशी बारीक हाडांनी संबंध जोडलेला असतो, त्यामुळे त्यांचं ऐकणं तिखट. 90 ग्रॅमचं शिसं दर दहा मिनिटांनी धबकन टाकलं तर मांडणी कितीही बरोबर असली तरी मासा जवळ येत नाही. बोल्ट रिग एकदा टाकली की दीड-दोन तास तिला हात लावू नका. कणकेमुळे रनिंग लवकर काढावी लागते. तिथे शिसं हलकं असण्याचा हाही एक फायदा.

मग कुठल्या माशाला काय? सायप्रिनस आणि मृगळ तळाचे, दोघांनाही बोल्ट रिग चालते. मृगळाचं तोंड लहान, त्याला मक्याचा एकच दाणा. रोहू कुरतडत खातो, जवळच्या पाण्यात त्याला रनिंग आणि मऊ कणीक बरी. उजनीकडे चिलापी (तिलापिया) कणीक टिकूच देत नाही, तिथे मुकाट्याने हरभरा ओवा. तलावाचा ठेका ज्या संस्थेकडे असेल तिची परवानगी मात्र आधी घ्या. आणि कटला? त्याचं तोंड वरच्या बाजूला उघडतं, तो वरच्या आणि मधल्या पाण्यात चरतो. तळाशी शिसं सरकतं ठेवलं काय की अडकवलं काय, त्याला दोन्ही सारखीच. त्याच्यासाठी बोया लावा आणि आमिष तळापासून चांगलं मीटर-दोन मीटर वर ठेवा.