एचआयव्ही आणि प्लेटलेटची कमतरता

रक्तातील प्लेटलेट, म्हणजे रक्तबिंबिका, दर मायक्रोलिटरला १,५०,००० पेक्षा कमी झाल्या की ती कमतरता मानतात. निरोगी प्रौढात त्या ४,५०,००० पर्यंत असतात. एचआयव्हीच्या संसर्गात ही कमतरता कोणत्याही टप्प्यावर आढळते. कधी ती संसर्गाची पहिली खूण ठरते, तेव्हा बाकी कसलाही त्रास नसतो. म्हणूनच प्रौढाच्या प्लेटलेट विनाकारण कमी दिसल्या, तर एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीची चाचणी करतात.

विषाणूची ओळख पटण्याआधीच ही गोष्ट नजरेत आली होती. १९८२ साली न्यूयॉर्कमधील डॉक्टरांनी समलिंगी पुरुषांत प्रतिकारशक्तीनेच प्लेटलेट नष्ट केल्याची प्रकरणे नोंदवली. विषाणू वेगळा काढला गेला तो १९८३ मध्ये.

प्लेटलेट कमी होण्याच्या वाटा दोन. पहिली नाशाची. विषाणूविरुद्ध तयार झालेली काही प्रतिपिंडे प्लेटलेटच्या पृष्ठभागावरील प्रथिनालाही चिकटतात आणि अशा प्लेटलेट प्लीहेत गिळल्या जातात. एरवी सात ते दहा दिवस टिकणारी प्लेटलेट मग लवकर संपते. दुसरी वाट उत्पादनाची. अस्थिमज्जेतील ज्या मोठ्या पेशी प्लेटलेट बनवतात, त्या मेगाकॅरिओसाइटवर सीडी४ हे प्रथिन असते, विषाणू पेशीला त्यालाच चिकटतो, त्यामुळे विषाणूला त्यांच्यातही शिरता येते. संसर्गाच्या सुरुवातीला नाशाचा वाटा मोठा असतो, आजार बळावला की उत्पादनातील तूट वाढते. मज्जेत मेगाकॅरिओसाइट भरपूर दिसूनही प्लेटलेट पुरेशा बनत नाहीत, असेही होते.

मात्र दोष दरवेळी विषाणूच्याच माथी मारता येत नाही. क्षयरोग मज्जेत पसरणे, लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग, हिपॅटायटिस सीमुळे यकृत निबर होऊन प्लीहा वाढणे, मद्यपान ही कारणेही असतात. औषधांत को-ट्रायमॉक्साझोल, रिफॅम्पिसिन, लिनेझोलिड, गॅनसायक्लोव्हिर यांच्याकडे आधी पाहावे लागते. तपासणीच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या ईडीटीए या रसायनामुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटल्या, तर यंत्र खोटाच कमी आकडा दाखवते. काचपट्टीवरचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की हा घोटाळा उघड होतो. त्याच पट्टीवर तुटक्या तांबड्या पेशी दिसल्या, तर टीटीपी या, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होणाऱ्या, जीवघेण्या आजाराची शंका येते. त्याचे उपचार वेगळे आणि तातडीचे असतात.

बहुतेकांना काहीच जाणवत नाही. ५०,००० च्या खाली सहज निळे डाग पडणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटणे अशी लक्षणे दिसू शकतात. १०,००० च्या खाली मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती वाढते, हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार, असलेल्यांना तर ती अधिकच. तरीही आकड्यापेक्षा रुग्णाला प्रत्यक्षात रक्तस्राव होतो आहे का, हे महत्त्वाचे. नुसता अहवाल पाहून घाबरण्यात अर्थ नाही.

उपचाराचा कणा म्हणजे एआरटी, विषाणूला रोखणारी औषधे. १९८७ मध्ये मान्यता मिळालेल्या झिडोव्हुडिनने प्लेटलेट वाढतात, हे लवकरच ध्यानात आले. गंमत अशी की हेच औषध मज्जा दाबून तांबड्या पेशी कमी करते. आज इतर औषधांनीही तोच लाभ होतो. वाढ काही आठवड्यांत ते महिन्यांत दिसते आणि औषधे मध्येच सोडली की आकडा पुन्हा घसरू शकतो. रक्तस्राव चालू असेल किंवा आकडा ३०,००० च्या खाली असेल, तर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड किंवा शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडांचे द्रावण, देतात. एआरटीमध्ये रिटोनाव्हिर किंवा कोबिसिस्टॅट घेणाऱ्यांत स्टेरॉइडची मात्रा शरीरात वाढते, ती सांभाळावी लागते. प्लेटलेट बनवायला चालना देणारी एल्ट्रोम्बोपॅग किंवा रोमिप्लोस्टिम ही औषधे हे पुढचे पर्याय. प्लीहा काढण्याची वेळ आता क्वचितच येते. ती काढल्यावर रक्तातील सीडी४ पेशींचा (एचआयव्हीत घटणाऱ्या प्रतिकारपेशींचा) आकडा फुगतो, पण टक्केवारी बदलत नाही, त्यामुळे नंतर टक्केवारीच पाहावी. प्लेटलेटचा आकडा फार कमी असताना ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन आणि स्नायूतील इंजेक्शने टाळतात.