सबमरीन (1928 चा मूकपट)

सबमरीन : कोलंबिया पिक्चर्सचा 1928 मधील अमेरिकन मूकपट. दिग्दर्शक फ्रँक काप्रा. प्रमुख भूमिका जॅक होल्ट, राल्फ ग्रेव्हज आणि डोरोथी रेव्हिएर यांच्या. दिग्दर्शन आधी अर्व्हिन विलट यांच्याकडे होते. ते मध्येच काढून काप्रांना दिले गेले. तोंडी संवाद नसले तरी संगीत आणि ध्वनिपरिणाम चित्राशी जुळवलेले आहेत; कोलंबियाचा असा हा पहिला चित्रपट.

जॅक डॉर्गन हा नौदलातला, खोल पाण्यात उतरणारा अव्वल पाणबुड्या आणि बॉब मेसन त्याचा जिवलग दोस्त. जॅक कामगिरीवर गेला असताना त्याची बायको बेसी बॉबला भुलवते. ती कोणाची कोण, हे बॉबला ठाऊक नसते. जॅकला कळते आणि मैत्री तुटते. पुढे बॉब असलेली पाणबुडी टक्कर होऊन बुडते. तेवढ्या खोलीवर जाण्याची ताकद एकट्या जॅकची, आणि तोच अडून बसतो. खोटेपणा बेसीचा होता हे उमगल्यावरच तो पाण्यात उतरतो. प्रेमत्रिकोण तसा ठरीव. चित्रपट तरतो तो या उत्तरार्धावर.

इथला ताण पटतो, कारण त्या काळचे पाणबुड्याचे काम खरोखरच जिवावरचे होते. तांब्याचे शिरस्त्राण, शिशाचा पट्टा व बूट धरून अमेरिकी नौदलाचा पोशाख सुमारे 85 किलोचा. पाण्यात दर 10 मीटरला दाब एका वातावरणाने (समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाएवढा) वाढतो, म्हणून वरून नळीने सोडलेली हवाही तेवढ्याच दाबाची लागते. नळी फुटली आणि शिरस्त्राणातली एकमार्गी झडप दगा देऊन गेली, तर बाहेरचे पाणी पोशाख आवळून शरीर वर शिरस्त्राणात दाबते. घाईने वर आल्यास रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. सांधे असह्य दुखतात, कधी लकवा होतो.

प्रेक्षकांना हे परके नव्हते. 17 डिसेंबर 1927 रोजी अमेरिकी नौदलाची एस-4 ही पाणबुडी मॅसॅच्युसेट्समधील प्रॉव्हिन्सटाउनजवळ तटरक्षक दलाच्या पॉल्डिंग या विनाशिकेची धडक बसून सुमारे 100 फूट खोल गेली. पुढच्या टॉर्पेडो कक्षात सहा जण जिवंत होते, आतून ठोके देत होते. बचाव पथकाने हवा आधी समतोलाच्या टाक्यांत भरली. त्याने पाणबुडी उचलली गेली नाही, कक्षाला नळी जोडेपर्यंत वादळ वाढले आणि सर्व 40 जण दगावले. पडद्यावर मात्र जॅकची हवेची नळी वेळेत पोहोचते.

होल्ट-ग्रेव्हज जोडीला घेऊन काप्रांनी पुढे फ्लाइट (1929) आणि डिरिजिबल (1931) हे बोलपट केले. दोन्हींत सैनिकी विमानदळाची पार्श्वभूमी आहे.