ओप्रा विन्फ्री यांचे ते मुखपृष्ठ फोटोशॉपचे नव्हे

मुखपृष्ठांवरील बनवाबनवीचा विषय निघाला की 'टीव्ही गाइड' या अमेरिकी साप्ताहिकाच्या ऑगस्ट १९८९ च्या अंकाचा दाखला हटकून दिला जातो आणि टीव्ही सूत्रसंचालिका ओप्रा विन्फ्री यांचे डोके अभिनेत्री ॲन-मार्गरेट यांच्या धडावर फोटोशॉपने बसवले, असे ठामपणे सांगितले जाते. फोटोशॉप बाजारात आले फेब्रुवारी १९९० मध्ये! मुळात ते छायाचित्रच नव्हते. ॲन-मार्गरेट यांच्या १९७९ च्या छायाचित्रावरून पेन्सिल आणि पेस्टलने रंगवलेले ते चित्र होते, आणि बिंग फुटले ते वेशभूषाकार बॉब मॅकी यांनी स्वतःच घडवलेला झगा त्यात ओळखल्यामुळे. ही हातचलाखी त्याहूनही जुनी आहे: १९३० च्या दशकात हॉलिवूडमध्ये अभिनेत्री जोन क्रॉफर्ड यांच्या चेहऱ्यावरचे तपकिरी ठिपके छायाचित्राच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून घालवले जात.