स्थानिक डीएनएस कॅशिंग

संकेतस्थळाच्या नावावरून एकदा मिळालेला आयपी पत्ता (त्याचा इंटरनेटवरचा आकडी पत्ता) घरच्या राउटरमध्ये किंवा एखाद्या छोट्या संगणकात काही काळ साठवून ठेवण्याची पद्धत. संगणकशास्त्रज्ञ पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या डीएनएसच्या, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेच्या, रचनेतच अशी साठवण गृहीत धरलेली आहे. नोंद किती सेकंद जपायची हे टीटीएल, म्हणजे नोंदीसोबत येणारी मुदत, ठरवते. कुठे ३००, तर कुठे ८६,४००, म्हणजे अख्खा दिवस. अनेक राउटरांत हे काम डीएनएसमास्क ही प्रणाली करते. वेगळे काही सांगितले नाही तर ती १५० नावे ठेवते.

वेग वाढतो हे खरे, पण थोडाच. पान उघडण्याआधीचे काही मिलिसेकंद वाचतात. व्हिडिओ उतरवण्याच्या वेगात काडीचाही फरक पडत नाही. त्यातून ब्राउझर आणि ऑपरेटिंग सिस्टीम आपापली कॅश (असा साठा) ठेवतातच. त्यामुळे एकट्या माणसाच्या वन-बीएचकेत राउटरच्या कॅशला फारसे काम उरत नाही. कोथरूडच्या भरल्या घरात चार फोन, टीव्ही आणि लॅपटॉप तीच ती नावे विचारतात, तिथे ती उपयोगी पडते. हिंजवडीच्या कंपनीचे काम घरून करणाऱ्याने व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) जोडले की बहुधा कंपनीचाच डीएनएस लागू होतो, मग घरची कॅश बाजूला पडते. खरा लाभ इंटरनेट सेवादात्याचा डीएनएस सर्व्हर अडकतो तेव्हा दिसतो: नेहमीची संकेतस्थळे टीटीएल संपेपर्यंत उघडत राहतात.

मुख्य तोटा शिळ्या नोंदींचा. सर्व्हर हलवला तरी घरात जुनाच पत्ता मिळत राहतो. ‘असे नाव नाही’ हे उत्तरही साठवले जाते, म्हणून नवे संकेतस्थळ शेजाऱ्याकडे उघडते आणि आपल्याकडे नाही. विंडोजमधल्या फ्लशडीएनएस आज्ञेने फक्त त्या संगणकाची कॅश रिकामी होते, राउटरची नाही. राउटरची कॅश सहसा रॅममध्ये, म्हणजे वीज जाताच पुसल्या जाणाऱ्या स्मृतीत, असल्याने राउटर बंद-चालू करावा लागतो. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली आणि राउटर इन्व्हर्टरवर नसला, तर हे काम आपोआप होते!

सुरक्षेची बाजू अधिक गंभीर आहे. कॅशमध्ये खोटा पत्ता घुसवता आला तर घरातली सगळी उपकरणे एकदम फसतात. २००८ मध्ये सुरक्षा संशोधक डॅन कॅमिन्स्की यांनी असा हल्ला किती सोपा आहे ते दाखवले; जानेवारी २०२१ मध्ये डीएनएसमास्कमध्येच सात त्रुटी उघड झाल्या. स्वस्त राउटरांचे फर्मवेअर (आतले सॉफ्टवेअर) क्वचितच अद्ययावत होते, त्यामुळे अशा त्रुटी घरोघर वर्षानुवर्षे तशाच राहू शकतात. ब्राउझरमधला सुरक्षित डीएनएस किंवा अँड्रॉइडमधला प्रायव्हेट डीएनएस बाहेरच्या सर्व्हरवर लावला असेल, तर पत्त्याची विचारणा राउटरच्या कॅशला वळसा घालून थेट तिकडे जाते.