भूमापनातली ढोबळ चूक आणि रोबस्ट अंदाज

मोजणीत प्रत्येक रीडिंग थोडं इकडेतिकडे होतंच, तेवढं लघुतम वर्ग पद्धत म्हणजे लीस्ट स्क्वेअर्स (रीडिंग आणि उत्तर यांतल्या फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवणारी) सांभाळून घेते. तिला जड जाते ती ढोबळ चूक, आकडे उलटे लिहिले गेले, प्रिझम (ज्यावर यंत्राचा किरण परततो तो आरसा) भलत्याच खुणेवर धरला वगैरे. अशा रीडिंगचा जोर आपोआप कमी करणाऱ्या सांख्यिकी पद्धतींना रोबस्ट अंदाज म्हणतात. चूक हुडकायच्या चाचण्या काटेकोरपणे यात येत नाहीत, पण कामात दोन्ही बरोबरच लागतात म्हणून इथे एकत्र घेतल्यात.

समजा एकच अंतर पाचदा मोजलं: 50.012, 50.014, 50.011, 50.013 आणि 50.103 मीटर. शेवटचं बहुधा 50.013 च, लिहिताना अंक फिरलेत. लीस्ट स्क्वेअर्सचं उत्तर इथे साधी सरासरीच, 50.0306, म्हणजे चार चांगल्या रीडिंगपेक्षा 18 मिमी लांब. मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, मात्र 50.013 वर ठाम राहतो.

गंमत म्हणजे रोबस्ट विचार लीस्ट स्क्वेअर्सच्याही आधीचा आहे. शास्त्रज्ञ बॉस्कोविचने रोम ते रिमिनी कंस (पृथ्वीचा आकार ठरवण्यासाठी मोजलेला रेखावृत्ताचा तुकडा) मोजल्यावर 1757 च्या सुमारास फरकांच्या वर्गांची नाही तर नुसत्या फरकांची (चिन्ह सोडून) बेरीज कमीत कमी ठेवायचा नियम मांडला, पुढे गणितज्ञ लाप्लासनेही तो वापरला, पण हाताने गणित करायला किचकट, त्यामुळे मागे पडला. लीस्ट स्क्वेअर्स पहिल्यांदा छापली फ्रेंच गणितज्ञ लजांद्रने, 1805 मध्ये, धूमकेतूंच्या कक्षांवरच्या पुस्तकाच्या परिशिष्टात. 1809 मध्ये जर्मन गणितज्ञ गाउस म्हणाला की मी तर 1795 पासून हीच वापरतोय, आणि तिथून वाद पेटला. गाउसच्या बाजूने 1799 चं एक छापील पत्र दाखवतात, ज्यात फ्रेंच कंसाच्या आकड्यांतली छपाईची चूक आपल्याला 'माझी पद्धत' लावताना सापडली असं तो लिहितो (म्हणजे वादाचा पुरावासुद्धा एक ढोबळ चूकच!). संख्याशास्त्राचा इतिहासकार स्टिगलरने 1981 मध्ये ते आकडे पुन्हा तपासले, त्याच्या मते गाउसकडे पद्धत बहुधा आधीपासून होती पण त्याला ती इतरांपर्यंत पोचवता आली नाही, आणि हेच मत जास्त पटण्यासारखं आहे.

आजच्या वापराचा पाया डच भूमापनतज्ज्ञ बार्डाने नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये 1968 ला घातला. त्याच्या डेटा स्नूपिंग या चूक हुडकायच्या चाचणीत समायोजनानंतर (लीस्ट स्क्वेअर्सने रीडिंग जुळवल्यावर) उरलेला प्रत्येक फरक त्याच्या स्वतःच्या प्रमाण विचलनाने (त्याच्या नेहमीच्या चढउताराच्या मापाने) भागतात आणि 0.1 टक्के पातळीला, म्हणजे चांगलं रीडिंग चुकून संशयित ठरायची शक्यता हजारात एक धरून, 3.29 च्या वर गेला की रीडिंग संशयित. पण यात एका वेळी एकच चूक धरलेली असते, दोन असल्या की एक दुसरीला झाकते. संख्याशास्त्रज्ञ ह्यूबरच्या 1964 च्या एम-अंदाजात आणि डॅनिश पद्धतीत, या दोन रोबस्ट पद्धतींत, रीडिंग काढून न टाकता मोठा फरक असेल त्याचं वजन घटवून गणित पुन्हापुन्हा सोडवतात.

जादा रीडिंग पुरेशी नसतील तर मात्र यातलं काहीच नीट चालत नाही. त्रिकोणाचे तीनच कोन मोजले आणि बेरीज 180 अंशांवरून भलतीच लांब गेली तर चूक आहे हे कळतं, कुठल्या कोनात ते नाही.